इजारा आणि जप्ती : अमेरिकेतील एका बुडीत रेल्वेच्या भाड्याचा वाद

जमीन खंडाने घेणे आणि बटाईने कसणे यांतील फरक आपल्याकडे कोणास फारसा समजावून सांगावा लागत नाही. खंडाचा आकडा आधी ठरतो. पाऊस पडो वा न पडो, तो द्यावाच लागतो. बटाईत पीक खळ्यावर आल्यावर वाटे पडतात. मराठेशाहीच्या मुलकी कारभारातही असाच भेद आढळतो. इजारेदार ठरलेली रक्कम सरकारात भरण्यास बांधलेला असे. जप्तीवर पाठविलेला कमाविसदार मात्र जो वसूल प्रत्यक्ष जमेल त्याचा, खर्च वजा जाता, हिशेब देई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील न्यायालयांपुढे हाच प्रश्न रेल्वेच्या रूपाने उभा राहिला. एका कंपनीने दुसरीचा लोहमार्ग भाडेपट्ट्याने घेतला. पुढे ती पट्टेदार कंपनी बुडाली. न्यायालयाने तिच्या मालमत्तेवर रिसीव्हर नेमला आणि त्याने त्या मार्गावरही गाड्या चालू ठेवल्या. अशा वेळी पट्ट्यात ठरलेले भाडे रिसीव्हरने द्यावयाचे काय? तो इजारेदाराच्या जागी आला असे मानावयाचे, की जप्तीचा कमाविसदार म्हणून त्याच्याकडे पाहावयाचे?

या प्रश्नाचे अधिकृत उत्तर मिळण्यास १८८४ ते १८९२ अशी आठ वर्षे लागली. ते ज्या रेल्वेच्या निमित्ताने मिळाले, त्या वॉबॅश रेल्वेची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे.

पट्ट्यांचे जाळे

अमेरिकेत यादवी युद्धानंतर रेल्वेबांधणीचा जो पूर आला, त्यात लहान लहान कंपन्यांचा भरणा मोठा होता. एखाद्या नदीकाठच्या गावापासून शंभर-सव्वाशे मैल आत जाणारा मार्ग बांधावयाचा, त्यासाठी गावकऱ्यांकडून व काउंटीकडून मदत मिळवावयाची आणि उरलेला पैसा कर्जरोखे विकून उभारावयाचा, असा तेथील परिपाठ होता. मिसुरी राज्यात तर अनेक काउंट्यांनी रेल्वेच्या आशेने स्वतःच्या नावावर कर्ज काढले आणि त्यांतील काहींना ते पुढे एक पिढीभर जड गेले. मार्ग पुरा झाला तरी एवढ्याशा कंपनीपाशी स्वतःची पुरेशी इंजिने, डबे, दुरुस्तीचे कारखाने आणि दूरच्या बाजारपेठांशी संधान क्वचितच असे. तेव्हा मोठ्या कंपनीला मार्ग पट्ट्याने देणे तिला सोयीचे पडे.

मोठ्या कंपनीलाही हा व्यवहार आकर्षक वाटे. मार्ग विकत घ्यावयाचा तर भांडवल हवे. पट्ट्याने घ्यावयाचा तर केवळ वचन पुरे. ते वचन बहुधा असे असे की, मूळ कंपनीच्या कर्जरोख्यांवरील व्याज पट्टेदार कंपनी भाडे म्हणून भरील. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये किंवा युरोपात बसून रोखे घेणाऱ्याला त्या दूरच्या फाट्यावर धान्य किती चढते याची चौकशी करण्याचे कारण उरत नसे. पाठीशी मोठी कंपनी आहे, एवढे त्याला पुरेसे वाटे. मार्गाच्या कमाईशी भाड्याचा संबंध तुटला होता. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

जे गूल्ड आणि वॉबॅश

वॉबॅशचे जाळे याच रीतीने वाढले. १८७९ साली जे गूल्ड या विख्यात आणि तितक्याच कुख्यात भांडवलदाराच्या प्रभावाखाली दोन कंपन्यांचे विलीनीकरण होऊन ‘वॉबॅश, सेंट लुईस अँड पॅसिफिक रेल्वे’ अस्तित्वात आली. त्यांतील एक मिसिसिपी नदीच्या पूर्वेची वॉबॅश रेल्वे, तर दुसरी पश्चिमेची ‘सेंट लुईस, कॅन्सस सिटी अँड नॉर्दर्न’. पुढील चार-पाच वर्षांत नव्या कंपनीने शाखामार्गांमागून शाखामार्ग जोडले आणि तिचा पसारा सुमारे ३,५०० मैलांवर गेला. त्यांतील पुष्कळ मार्ग तिच्या मालकीचे नव्हते. ते पट्ट्याने घेतलेले होते. आश्चर्य असे की, १८८३ साली खुद्द वॉबॅशच गूल्डच्याच वर्चस्वाखालील ‘सेंट लुईस, आयर्न माउंटन अँड सदर्न’ या कंपनीला पट्ट्याने देण्यात आली. म्हणजे कुळाला पुन्हा कूळ लागले आणि सर्व वचनांच्या मुळाशी त्याच मोजक्या मंडळींचा हात राहिला.

मिळकत मात्र या वचनांना पुरेशी नव्हती. समांतर मार्गांची स्पर्धा तीव्र होती आणि दर घसरत होते. मे १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात घबराट उडाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस वॉबॅशने एक अभूतपूर्व पाऊल टाकले. तोवर सामान्यतः धनको न्यायालयात जाऊन रिसीव्हर मागत. येथे मोठ्या हप्त्याची थकबाकी होण्यापूर्वीच ऋणको कंपनीने स्वतः सेंट लुईस येथील संघराज्याच्या सर्किट कोर्टात अर्ज करून आपल्यावर रिसीव्हर नेमण्याची विनंती केली. न्यायाधीश सॅम्युएल ट्रीट यांनी ती मान्य केली. रिसीव्हर म्हणून सॉलन हम्फ्रीझ आणि थॉमस टट यांची नेमणूक झाली. यांपैकी हम्फ्रीझ हे कंपनीच्या कारभाऱ्यांपैकीच एक होते.

कंपनीची बाजू अशी होती की, हे एवढे जाळे तुकड्यातुकड्यांनी जप्त होऊ लागले तर प्रत्येक तुकड्याची किंमत कोसळेल, गाड्या बंद पडतील आणि धनकोंचेही नुकसान होईल. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. दुकान बुडाले तर कुलूप लावून माल विकता येतो. लोहमार्गाला कुलूप लावले तर रुळांवर गवत उगवते, आणि त्यावर विसंबलेल्या गावांचे दळणवळण थांबते ते निराळेच. म्हणून न्यायालय स्वतःच्या अधिकाऱ्यामार्फत रेल्वे चालू ठेवते, मिळकतीतून चालू खर्च भागविते आणि सर्व हक्कदारांचे दावे निकालात निघेपर्यंत मालमत्ता सांभाळते. रिसीव्हरशिपची मूळ कल्पना ही होय.

भाडे कोठून द्यावयाचे?

रिसीव्हरांनी कारभार हाती घेतला आणि महिनाभरातच त्यांना कळून चुकले की, सर्वांना पुरेल एवढा पैसा येत नाही. कामगारांचे पगार, कोळसा, रुळांची दुरुस्ती, कर, मागील काही महिन्यांची माल पुरविणाऱ्यांची देणी हे सर्व आधी. त्यानंतर एका बाजूस मुख्य मार्ग गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाचे रोखेधारक उभे होते, तर दुसऱ्या बाजूस पट्ट्याने दिलेल्या मार्गांच्या मूळ कंपन्या आणि त्यांचे रोखेधारक. न्यायालयाच्या आरंभीच्या हुकमात, रिसीव्हरांनी भरावयाच्या रकमांत भाड्यांचाही उल्लेख होता. परंतु जून १८८४ मध्ये रिसीव्हरांनी न्यायालयाला कळविले की, काही शाखा भाडे तर सोडाच, स्वतःचा चालू खर्चही काढीत नाहीत. तेव्हा प्रत्येक मार्गाचा जमाखर्च वेगळा ठेवावा, असा हुकूम झाला.

वरवर पाहता ही कारकुनी सूचना होती; परंतु पुढील सर्व निर्णयांचा पाया तिनेच घातला. जोवर ३,५०० मैलांचा एकच गल्ला होता, तोवर तोट्यातील शाखेचे भाडे नफ्यातील मार्गाच्या कमाईतून निघत होते आणि ते कोणाच्या नजरेस येत नव्हते. खाती वेगळी होताच कोण कोणाच्या ताटातले जेवत आहे, ते दिसू लागले.

एप्रिल १८८५ मध्ये न्यायाधीश डेव्हिड ब्रूअर यांनी या विषयावर सविस्तर हुकूम दिला. हेच ब्रूअर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांच्या हुकमाचा आशय थोडक्यात असा : प्रत्येक शाखेचे खाते वेगळे राहील. ज्या शाखेत खर्च वजा जाता शिल्लक उरते, तेथील भाडे वा व्याज त्या शिलकेपुरते आणि केवळ शिलकेपुरतेच दिले जाईल. जेथे उत्पन्न व खर्च यांची कशीबशी तोंडमिळवणी होते, तेथे भाडे मिळणार नाही. मात्र मूळ मालक कंपनीला आपला मार्ग परत हवा असेल किंवा गहाणाचा हक्क बजावावयाचा असेल, तर न्यायालय आडकाठी करणार नाही. आणि जेथे चालू खर्चही निघत नाही, तेथे गाड्यांची संख्या शक्य तितकी कमी केली जाईल.

म्हणजे न्यायालयाच्या दारात येताच खंडाची बटाई झाली, आणि तीही बियाणे, बैल व मजुरी वजा करून उरलेल्या धान्याची. पट्ट्याच्या कागदावरील आकडा खोटा ठरला नव्हता. मूळ कंपनीवरील तो दावा कायम होता. पण बुडालेल्या कंपनीवरचा दावा म्हणजे काय, हे प्रत्येक धनको जाणतो.

क्विन्सीचा दावा

मिसिसिपीच्या मिसुरीकडील तीरावर वेस्ट क्विन्सी हे ठिकाण आहे. तेथून पश्चिमेस उत्तर मिसुरीच्या शेतीप्रदेशातून ट्रेन्टन गावापर्यंत जाणारा मार्ग ‘क्विन्सी, मिसुरी अँड पॅसिफिक’ या कंपनीचा होता आणि तो वॉबॅशकडे पट्ट्याने होता. रिसीव्हरांच्या काळात या मार्गाने खर्चापुरतेही उत्पन्न दिले नाही. अर्थात भाडे मिळाले नाही. कंपनीने दावा मांडला. तिचे म्हणणे साधे होते : तुम्ही आमचा मार्ग ताब्यात घेतला, त्यावर गाड्या चालविल्या, त्याचा उपभोग घेतला, मग पट्ट्यातील ठरलेले भाडेही तुम्हांस लागू झाले. घरात राहावयाचे तर घरभाडे द्यावयास हवे.

सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला हे पटण्याजोगे आहे, आणि म्हणूनच १८९२ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर दिलेला निर्णय महत्त्वाचा ठरतो. सरन्यायाधीश मेल्व्हिल फुलर यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा गाभा असा की, केवळ नेमणूक झाल्याने आणि ताबा घेतल्याने रिसीव्हर हा पट्टेदाराचा वारस होत नाही. तो न्यायालयाचा हात आहे. बुडीत कंपनीचे कोणते करार पुढे चालविणे हिताचे आणि कोणते सोडून देणे इष्ट, हे ठरविण्यासाठी त्याला वाजवी मुदत मिळावयास हवी. त्या मुदतीत त्याने गाड्या चालविल्या म्हणून पट्टा स्वीकारला असे होत नाही. शिवाय क्विन्सी कंपनीला न्यायालयाच्या हुकमांची कल्पना असूनही तिने मार्ग तातडीने परत मागितला नव्हता. तेव्हा तोट्यात चाललेल्या मार्गाचे पूर्ण भाडे मागणे म्हणजे मुख्य मार्गाच्या गहाणदारांच्या पैशातून आपले नुकसान भरून मागणे होय, आणि ते न्यायाला धरून नाही. सेंट जोसेफ गावाकडील दुसऱ्या एका पट्ट्याच्या मार्गाचा तसाच दावा त्याच वर्षी फेटाळला गेला.

निर्णयाचे मर्म आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर असे की, रिसीव्हर हा जप्तीचा कमाविसदार होय. त्याने इजारा उचलल्याचे स्पष्टपणे सांगेपर्यंत त्याला इजारेदार मानता येत नाही.

हिशेबातील गोम

तत्त्व स्वच्छ होते; त्याचा अंमल तेवढा स्वच्छ नव्हता. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शाखेवरील एका गावात मक्याची वाघिण भरली. ती शाखेवर १०० मैल आणि मुख्य मार्गावर ३०० मैल धावली. एकूण भाडे ४० डॉलर आले. मैलांच्या प्रमाणात वाटणी केली तर शाखेच्या खाती १० आणि मुख्य मार्गाच्या खाती ३० डॉलर जमा होतात. आता माल भरणे, थांबत थांबत चालणाऱ्या छोट्या गाडीने तो आणणे, हा महागडा खर्च शाखेवर पडतो. त्यामुळे शाखा तोट्यात दिसते. पण शाखा नसती तर मुख्य मार्गाला ते ३० डॉलरही दिसले नसते. ओढ्याचे पाणी नदीला मिळाल्यावर ओढा कोरडा आहे असा शेरा मारण्यासारखेच हे झाले.

खाते वेगळे करा, असे न्यायालय सहज म्हणू शकते. ते कसे वेगळे करावयाचे यावर कोणाचे भाडे बुडावयाचे हे ठरते. आणि ही खाती लिहिणारे कारकून रिसीव्हरांच्या हाताखाली होते. ‘मार्ग परत घ्या’ ही मुभाही दिसते तेवढी उदार नव्हती. ज्या कंपनीपाशी इंजिने नाहीत, डबे नाहीत, चालविणारी माणसे नाहीत, तिने शंभर मैलांचे रूळ परत घेऊन करावे काय? शेत परत मिळाले, पण बैल नाहीत आणि औतही नाही, अशी तिची अवस्था होती.

भाड्याबाबत इतका कडक हिशेब पाहणारी न्यायव्यवस्था इतर देण्यांबाबतही तितकीच कडक होती काय, हा प्रश्न लगेच विचारला गेला. गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीच्या काही हुंड्यांवर व्यक्तिशः सह्या केल्या होत्या. कंपनी बुडाल्यावर ते ओझे त्यांच्या अंगावर येणार होते. रिसीव्हरशिपच्या आरंभी या देण्यांची सोय करण्यास जो अग्रक्रम मिळाला, त्यावर कडक टीका झाली. डिसेंबर १८८६ मध्ये शिकागोचे सर्किट न्यायाधीश वॉल्टर ग्रेशम यांनी मिसिसिपीच्या पूर्वेकडील मार्गांपुरते जुन्या रिसीव्हरांना दूर केले आणि मिशिगनचे विख्यात विधिज्ञ थॉमस कूली यांची नेमणूक केली. जे कारभारी कंपनी बुडवितात, त्यांच्याच गोटातील माणसांच्या हाती न्यायालयाने ती सोपवू नये, हा ग्रेशम यांच्या निर्णयामागील विचार होता. पुढे काही महिन्यांतच, १८८७ साली, नव्याने स्थापन झालेल्या आंतरराज्य व्यापार आयोगाचे पहिले अध्यक्ष म्हणून कूली यांची निवड झाली. तो आयोग ज्या कायद्याने आला, त्याची निकड १८८६ सालच्या रेल्वेदरांसंबंधीच्या ज्या निकालाने भासली, तो निकालही वॉबॅशच्याच नावाचा आहे.

ब्रूअर यांचा नियम म्हणून चुकीचा ठरत नाही. रिसीव्हरला प्रत्येक पट्टा आंधळेपणाने बांधून टाकला असता तर चांगल्या मार्गांची कमाई वाईट पट्ट्यांत जिरली असती आणि वचने वाटीत सुटण्याच्या वृत्तीला बक्षीस मिळाले असते. परंतु नियम न्याय्य राहण्यास दोन अटी होत्या : हिशेब तटस्थ माणसाने लिहिला पाहिजे, आणि तोच काटा कारभाऱ्यांच्या स्वतःच्या देण्यांनाही लागला पाहिजे. वॉबॅशमध्ये या दोन्ही अटींबाबत शंका घेण्यास जागा होती.

पुढील काळ

१८९३ च्या मंदीने या तत्त्वाची कसोटी पाहिली. १८९४ च्या मध्यास अमेरिकेतील सुमारे ४०,००० मैल लोहमार्ग रिसीव्हरांच्या हाती होता आणि ठिकठिकाणी पट्ट्यांचे भवितव्य याच नियमाने ठरले. १९३३ साली रेल्वे कंपन्यांच्या पुनर्रचनेसाठी दिवाळखोरीच्या कायद्यात स्वतंत्र कलम आले. नको असलेला पट्टा नाकारण्याचा विश्वस्तांचा अधिकार त्यात मान्य झाला आणि मूळ कंपनीला मार्ग चालविणे शक्य नसेल, तर तो तिच्या खात्यावर चालू ठेवण्याची तरतूदही झाली. न्यू हेवन रेल्वे १९३५ साली या कलमाखाली आली. तिने पुढील वर्षी ओल्ड कॉलनी रेल्वेचा पट्टा नाकारला, तेव्हा दोन्ही मार्गांचे उत्पन्न व खर्च कसे विभागावयाचे याचे सूत्र ठरविताना आयोगाला मोठा खटाटोप करावा लागला. पन्नास वर्षांपूर्वीची गोम तशीच होती. जून १९७० मध्ये पेन सेंट्रल ही प्रचंड कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हाही एकोणिसाव्या शतकातील पट्ट्यांची भाडी थांबली आणि ‘सुरक्षित’ म्हणून ते कागद बाळगणाऱ्यांस धक्का बसला.

आपल्याकडील वेगळी वाट

हा वाद वाचताना आपल्या प्रांतांतील वाचकाच्या मनात साहजिकच येईल की, रेल्वेचा तोटा आपल्याकडे कोणी सोसला? त्या काळातील आपल्या प्रमुख रेल्वे कंपन्यांच्या पाठीशी सरकारची हमी होती. १८४९ च्या कराराने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी मिळाली. उत्पन्न कमी पडले तर फरक तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करांतून, भरला जाई. गोव्यातील मुरगाव बंदराची रेल्वे इंग्लंडमधील कंपनीने बांधली. तिला पोर्तुगीज सरकारची हमी होती, आणि १९०२ पासून ती चालविण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे आले. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले. तेथेही ऋणको सरकारच होते.

हमीच्या व्यवस्थेत रिसीव्हर येण्याचा प्रसंग टळतो, पण तोटा टळत नाही. तो न्यायालयात उघडपणे वाटला जाण्याऐवजी अंदाजपत्रकात मुकाट्याने मिसळतो. दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अर्थचिंतकांनी रेल्वेच्या खर्चावर जे आक्षेप घेतले, त्यांच्या मुळाशी हीच जाणीव होती. अमेरिकेत क्विन्सीच्या रोखेधारकाला निदान आपले व्याज कोणत्या हुकमाने आणि कोणत्या हिशेबाने बुडाले, ते वाचता आले. आपल्या शेतकऱ्याने हमीच्या व्याजापोटी किती भरले, हे त्याला कोणत्याही खात्यात पाहावयास मिळाले नाही.